मागच्या चाकांचा हिशेब

माझ्या पुतण्याला दोन लाख रुपये हवे होते. ते कशासाठी, हे सांगायला त्याने पाऊण तास घेतला. घोलवडला माझ्या थोरल्या भावाची चिकूची वाडी आहे, तिथल्या ओटीवर आम्ही बसलो होतो. श्रावण संपत आला होता, पण पाऊस काही दमला नव्हता. चहा झाला, चिकूच्या भावाची चर्चा झाली, वाढवणच्या बंदराची झाली (आमच्याकडे ती आता चहाबरोबर होतेच), आणि मग तो हळूच म्हणाला, "काका, गाडीला एलएसडी बसवायचं म्हणतोय."

आमची पिढी वाढली त्या काळात ही तीन अक्षरे फक्त हिप्पींच्या संदर्भात कानावर पडत. मी चमकून सूनबाईकडे पाहिले. ती हसायला लागली. "तसलं काही नाही हो काका. मागच्या चाकांच्या मधे बसवतात ते."

पुतण्याकडे एक जुनी बीएमडब्ल्यू आहे. ३-सीरिजमधली, मागच्या चाकांवर चालणारी. तीन वर्षांपूर्वी त्याने ती सेकंड हँड घेतली, तेव्हा भावाने आठ दिवस त्याच्याशी बोलणे टाकले होते. चिकूवाल्याच्या दारात असली गाडी म्हणजे देवडीला हत्ती बांधण्यासारखे, हे भावाचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पण पोरगा निर्व्यसनी. त्याचा सगळा शौक म्हणजे रविवारी पहाटे उठून डहाणूहून चारोटीला जायचे, महामार्ग धरून तलासरी गाठायची, तिथे चहा प्यायचा आणि उंबरगावच्या बाजूने बोर्डीच्या सुरूच्या झाडांखालून घरी यायचे. आता एवढ्यासाठी कोणी माणसाला नावे ठेवू नयेत.

त्या जुलैत मात्र एक प्रकार घडला होता. तलासरीजवळ आडरस्त्यावरून तो महामार्गावर चढत होता. चढ होता, पाऊस होता, आणि गाडीचे मागचे डावे चाक कडेच्या चिखलात. त्याने पाय दाबला तसे ते चाक जागच्या जागी गरगरायला लागले. उजवे चाक डांबरावर, चांगले कोरकरीत टायर, पण ते ढिम्म. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सने आपली अक्कल चालवून इंजिनाचा जोर कमी केला. मागच्या सीटवर दोन्ही मुली, आणि गुजरातकडून एक ट्रेलर उतरत येत होता. चार-पाच सेकंदांत चाकाला पकड मिळाली, गाडी निघाली. काही झाले नाही. पण त्या चार-पाच सेकंदांचे वर्णन करताना त्याचा आवाज बदलला होता, आणि सूनबाईने तोंड वाडीकडे फिरवले होते.

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. कर्ज मागणारा जे कारण सांगतो त्याच्या मागे आणखी एक कारण बसलेले असते, हे मला ठाऊक आहे. पुतण्या बायकोला सांगत होता सुरक्षिततेचे, आणि मित्रांना सांगत असणार वळणातून सुसाट निघण्याचे. दोन्ही कारणे खरी असू शकतात. मी त्याला म्हटले, पैसे देईन, पण रीतसर प्रस्ताव आण. कुठला डिफरन्शियल, कोण बसवणार, आणि मुख्य म्हणजे किती वर्षे टिकणार. कर्ज फिटायच्या आत तारण संपता कामा नये, एवढे एक तत्त्व मी नोकरीतून घरी घेऊन आलो आहे. आणि मग, निवृत्त माणसाला उद्योग नसतो म्हणून, मी स्वतःच या विषयाच्या मागे लागलो.

डिफरन्शियल म्हणजे काय, हे आमच्या भागात समजावून सांगायला सोपे आहे. तारप्याचा नाच ज्याने पाहिला असेल त्याला ते लगेच कळते. मधे तारपा वाजवणारा, आणि एकमेकांच्या कमरेला धरून नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती फिरते. रांग वळते तेव्हा आतल्या टोकाचा नाचणारा जागच्या जागी पावले टाकतो आणि बाहेरच्या टोकाचा अक्षरशः धावतो. मोटारीचेही तसेच. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडावे लागते, आतल्याला कमी. दोन्ही चाके एकाच दांड्याला करकचून बांधली तर एकाला फरफटत जावे लागेल. म्हणून दोघांच्या मधे गिअरांची अशी एक पेटी ठेवतात, की इंजिनाचा जोर दोघांना पोचावा, पण ज्याने त्याने आपापल्या वेगाने फिरावे. ओनेसिफोर पेकर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीने १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी हिचे पेटंट घेतले. दोनशे वर्षे होत आली, मूळ कल्पना तीच आहे.

दोष एकच. लोक सर्रास म्हणतात, की घसरणाऱ्या चाकाकडे सगळी ताकद जाते. नेमके तसे नाही. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना जोर अगदी सारखा वाटतो. पण चिखलातले चाक फिरवायला जोर लागतो कितीसा? अगदी थोडा. मग तेवढाच थोडा जोर डांबरावरच्या चाकालाही मिळतो आणि गाडी हलत नाही. पंगतीत सगळ्यांत कमी खाणाऱ्याच्या पानात जेवढे वाढले तेवढेच प्रत्येकाला वाढायचे, असा हा न्याय. एलएसडी म्हणजे घसरणीला आवर घालणारा डिफरन्शियल. तो म्हणतो, ज्याला पचते आहे त्याला थोडे जास्त वाढू या.

इथे मला एक जीप आठवते. ती न आठवता मी या विषयावर लिहूच शकत नाही.

१९८८ च्या सुमाराला मी तलासरीच्या एका शाखेत ग्रामीण कर्जाचे काम पाहत होतो. झरीच्या बाजूच्या एका पाड्यातला तरुण माझ्याकडे आला. त्याला जीप घ्यायची होती, तलासरी ते उधवा प्रवासी वाहतुकीसाठी. लहान वाहतूकदारांना कर्ज देणे हे तेव्हा अग्रक्रमाच्या क्षेत्रात मोडत असे आणि वरून उद्दिष्टांची पत्रे येत. मी सगळे तपासले. लायसन, परमिट, कोटेशन, विमा, जामीनदार शाळामास्तर, त्याचा स्वतःचा हिस्सा. आरसी बुकावर बँकेच्या नावाची नोंद. फाइल इतकी चोख होती, की तपासनिसाने कौतुक केले. एक प्रश्न तेवढा मी विचारला नाही. या गाडीची देखभाल कोण करणार, कधी करणार, आणि तिच्यासाठी दर महिन्याला बाजूला काय ठेवणार?

पहिले वर्ष हप्ते वेळेवर आले. दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या चाकाजवळचे ऑइल सील गळायला लागले. गळते म्हणजे थोडेसेच गळते, म्हणून त्याने चालवले. भाद्रपदात एका ओहोळात जीप रुतली. आत-बाहेर मिळून अठरा माणसे होती, ती उतरली आणि ढकलू लागली. त्याने एक्सलरेटर दाबून धरला. एक चाक चिखलात भन्नाट फिरत होते, दुसरे स्थिर. अशा वेळी त्या पेटीतले छोटे गिअर, ज्यांना एरवी फक्त वळणावर सावकाश फिरायचे काम असते, ते एका साध्या पिनेवर वेड्यासारखे फिरतात. तिथे बेअरिंग नसते, असतो तो तेलाचा पातळ थर. आणि तेल तर निम्मे गळून गेलेले. पीन जळून गिअर धरला, दात तुटले, तुटलेला दात क्राऊन आणि पिनियनच्या मधे गेला. पाच मिनिटांत मागचा सगळा अॅक्सल गेला.

सुटे भाग यायला, पैसे जमायला अडीच महिने लागले. जुने भाग घालून गाडी पुन्हा सुरू केली, ती गुरगुरत राहिली, पुन्हा बसली. हप्ते थकले. नोटिसांवर सही माझी होती. जीप ओढून आणून शाखेच्या मागच्या आवारात लावली, तीही माझ्याच सहीने. एक पूर्ण पावसाळा ती तिथे उभी होती. बॉनेटपर्यंत गवत वाढले होते. तो तरुण दर बाजाराच्या दिवशी यायचा, गाडीभोवती एक चक्कर मारायचा आणि माझ्याकडे न येता निघून जायचा. लिलावात जे आले ते व्याजालाही पुरले नाही. पुढे तो वापीला कुठल्या तरी कारखान्यात लागल्याचे कळले. माझी बदली झाली. कादंबऱ्यांत मी पुष्कळ माणसे लिहिली, पण या माणसाला लिहायला अजून धजावलो नाही.

तर टिकाऊपणाची माझी व्याख्या तिथून आलेली आहे. ती फॅक्टरीच्या पत्रकातून आलेली नाही.

पुतण्याने आणलेल्या पत्रकांत सगळीकडे ताकदीचे आकडे होते. हा डिफरन्शियल अमुक अश्वशक्ती सोसतो, तो तमुक. त्याच्या गाडीचे इंजिन दोनशे अश्वशक्तीच्याही आतले. तेवढ्याने यातला कुठलाच मोडणार नाही. रस्त्यावरच्या गाडीचा डिफरन्शियल ताकदीने क्वचित मरतो. तो मरतो जुन्या तेलाने, चुकीच्या बसवणुकीने, एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला टायर घातल्याने, आणि जागेवरून हिसडे देऊन गाडी उडवण्याच्या हौसेने.

बाजारात मिळणाऱ्या जातींपैकी सर्वांत जुनी आणि प्रतिष्ठित जात प्लेटांची. १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्या इतक्या जोरकस झाल्या, की वळणावर आतले चाक नुसते धूर काढी. तेव्हा फर्डिनंड पोर्श यांच्या सांगण्यावरून जर्मनीच्या झेडएफ कारखान्याने घसरण आवरणारा डिफरन्शियल तयार केला. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९५६ साली तो घरगुती गाडीत देऊ केला. प्लेटांच्या जातीत क्लचसारख्या पातळ चकत्या एकावर एक रचून दाबून धरलेल्या असतात. एक चाक पळायला लागले, की घर्षण त्याला मागे ओढते. किती घट्ट आवळायचे, फक्त जोर देताना आवळायचे की पाय काढल्यावरही, हे सगळे ठरवता येते. शर्यतवाल्यांना म्हणूनच तो प्रिय. पण घर्षणावर जगणारी वस्तू घर्षणानेच झिजते. तिला खास मिश्रण घातलेले तेल लागते, ते वेळेवर बदलावे लागते. सुरुवातीला मोकळ्या मैदानात इंग्रजी आठच्या आकड्यासारखे संथ फेरे मारून प्लेटा बसवाव्या लागतात. अरुंद वळणावर ती कटकट आवाज करते. आणि झिजत जाते ती इतकी सावकाश, की एक दिवस आपल्याकडे पुन्हा साधाच डिफरन्शियल उरला आहे हे मालकाला कळतही नाही.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही दुभती म्हैस आहे. दूध भरपूर, पण वैरण-पाणी रोजचे.

दुसरी जात निव्वळ गिअरांची. व्हर्नन ग्लीझमन या अमेरिकन संशोधकाने १९५८ साली तिचे पेटंट मिळवले, आणि टॉर्सन या नावाने ती जगभर गेली. आता इतर कारखानेही त्या तत्त्वावर तिरप्या दातांचे डिफरन्शियल करतात. यात झिजण्यासाठी म्हणून ठेवलेला भागच नाही. तिरपे दात जोराखाली एकमेकांवर आणि पेटीच्या भिंतीवर दाबले जातात, आणि त्या दाबातूनच पळणाऱ्या चाकाला आवर बसतो. चांगले साधे गिअर ऑइल पुरते. आवाज नाही, हिसका नाही. उणे बाजू अशी, की हा गुणाकाराचा व्यवहार आहे. घसरते चाक जेवढा जोर पेलेल त्याच्या अडीच-तीन पट दुसऱ्याला मिळतो. पण एक चाक हवेत लोंबकळत असेल तर त्याचा जोर शून्य, आणि शून्याची तिप्पट शून्यच. मोठ्या खड्ड्यात वा नाल्यात हा मित्र कामाचा नाही. तलासरीच्या त्या चढावर, जिथे डावे चाक चिखलात का होईना पण जमिनीवर होते, तिथे तो कामाचा होता.

चिकट द्रव भरलेली एक तिसरी जात असते. द्रव म्हातारा होतो आणि पेटी सीलबंद असल्याने दुरुस्ती नाही. ती मी पहिल्याच दिवशी बाद केली.

यावर पुतण्याने मला पेचात टाकले. "काका, मग बाबांच्या थारला जे लॉक आहे तेच का नको? ते तर चाक हवेत असलं तरी गाडी काढतं." मुद्दा बिनतोड होता. भावाने वाडीसाठी घेतलेली थार २०१५ नंतरची आहे, तिच्या मागच्या अॅक्सलला यांत्रिक लॉक आहे. पावसाळ्यात चिकूचे क्रेट भरून ती ज्या वाटेने येते तिथे बैलही विचार करून पाय टाकतो. या लॉकमध्ये दोन चाकांच्या वेगात मिनिटाला शंभरएक फेऱ्यांचा फरक पडला, की एक छोटा गव्हर्नर फिरून प्लेटा आवळतो आणि दोन्ही चाके एकजीव होतात. वेग ताशी तीसेक किलोमीटरच्या पुढे गेला, की ते लागतच नाही. म्हणजे ते चिखलासाठीच आहे. या पद्धतीचा पूर्वज अमेरिकेत १९७३ पासून पिकअप गाड्यांत आला. तिथले हौशी लोक त्याला गमतीने 'बॉम्ब' म्हणत, कारण टायर गरगरवत असताना ते धाडकन लागले तर कधी कधी पेटीच फुटे. वाडीत संथपणे वापरले तर ते वर्षानुवर्षे टिकते. ज्याला जागेवरून गाडी उडवायची आहे त्याच्या हाती ते देऊ नये. शेताला नांगर आणि अंगणाला खराटा, एवढे साधे आहे.

आणि काही मुले डिफरन्शियल सरळ वेल्ड करून टाकतात. फुकटात दोन्ही चाके एक होतात. असल्या गाडीत कोणी आपल्या मुलींना बसवू नये, यापेक्षा जास्त मी लिहीत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट, जी एकाही पत्रकात ठळक नव्हती. ओल्या रस्त्याच्या वळणावर साध्या डिफरन्शियलचे एक चाक घसरते, तेव्हा दुसरे चाक जोर देत नसले तरी गाडीची शेपटी धरून ठेवते. घट्ट आवळलेल्या एलएसडीत दोन्ही चाके एकदम सुटू शकतात, आणि दोन्ही सुटली की मागची बाजू पुढे यायला निघते. म्हणजे जी वस्तू आपण सुरक्षिततेच्या नावाने घेतो ती चुकीची निवडली तर नेमकी पावसातच उलटते. आमच्याकडे चार महिने पाऊस असतो. रस्त्यावरच्या, घरच्या माणसांच्या गाडीला म्हणून आवळ सौम्य हवा, हळूहळू लागणारा हवा. इथे गिअरांची जात पुन्हा वरचढ ठरली.

थोडे विषयांतर होईल, पण आमच्या भागात गाडीविषयी बोलताना ४ सप्टेंबर २०२२ हा दिवस टाळता येत नाही. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर त्या दिवशी सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागच्या सीटवरचे दोघे गेले, आणि त्यांनी पट्टे लावलेले नव्हते असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. त्या अपघाताचा डिफरन्शियलशी काडीचा संबंध नव्हता. म्हणूनच तो आठवतो. पुतण्याच्या प्रस्तावाला मी पहिली अट घातली ती मागच्या सीटच्या पट्ट्यांची. दुसरी टायरांची. कायद्याने नक्षीची खोली १.६ मिलिमीटर चालते, पण आमच्या पावसात त्याच्या खूप आधी टायर बदलावेत, आणि मागचे दोन्ही एकाच दिवशी, एकाच मापाचे. दोन चाकांचा घेर वेगळा असेल तर सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल अहोरात्र राबतो. नवे टायर घातल्यावर निम्मी अडचण गेली, हे त्यानेच नंतर कबूल केले. त्याचे खरे तर तिथेच भागले असते. बहुतेकांचे भागते. पण माणसाची हौस हेही एक कारण असते, आणि मी स्वतः चाळीस वर्षे कादंबऱ्या कशासाठी लिहितो आहे?

तिसरी अट कागदांची. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलात फेरफार करण्यावर बंधन घालते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते काटेकोरपणे वाचले. आरसी बुकात मागच्या गिअरांचा उल्लेख नसतो म्हणून गप्प बसावे, हा सल्ला त्याला मित्रांनी दिला होता. मी त्याला आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारायला लावले. विम्याचा दावा नाकारला जातो तेव्हा आपण काय बोललो होतो याला किंमत नसते, काय लिहिले होते याला असते.

राहिला प्रश्न बसवण्याचा. मुंबईतले एक दुकान तयार होते, पण मी त्याला आधी तलासरीला महामार्गालगतच्या एका मिस्त्रीकडे नेले. त्याचे आयुष्य ट्रकचे मागचे अॅक्सल उघडण्यात गेले आहे. त्याने गाडीखाली शिरून पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "साहेब, याचं क्राऊन बोल्टचं आहे का वेल्डचं?" हा प्रश्न आम्हा दोघांनाही सुचला नव्हता. काही बीएमडब्ल्यू गाड्यांत क्राऊन व्हील पेटीला बोल्टने न जोडता वेल्ड केलेले असते. ते कापून, घासून, नव्या पेटीला जोडायचे म्हणजे वेगळेच काम आणि वेगळाच खर्च. पुतण्याची बोल्टची निघाली, ते त्याचे नशीब. मग मिस्त्रीने दातांवर निळा रंग लावून ठसा कसा पाहतात, क्राऊन आणि पिनियनमधली फट डायल गेजने कशी मोजतात, पातळ शिम घालून ती कशी जुळवतात, ते दाखवले. ती फट चुकली तर जगातला सर्वांत महाग डिफरन्शियलही गुणगुणायला लागतो आणि वर्ष-दोन वर्षांत जातो. "ऑइल कधी बदललं होतं?" त्याने विचारले. पुतण्या म्हणाला, "कंपनी म्हणते आयुष्यभर बदलायला लागत नाही." मिस्त्री हात पुसत म्हणाला, "कोणाच्या आयुष्यभर?"

परतताना मी गाडीत गप्प होतो. माझा निर्णय तिथेच झाला होता, आणि तो यंत्रापेक्षा पुतण्याकडे पाहून झाला. त्याने ती गाडी घेतल्यापासून मागचे तेल एकदाही बदलले नव्हते. वाडीतल्या पंपाचे ग्रीस विसरतो, स्कूटरची सर्व्हिसिंग बायको करून आणते. असा माणूस प्लेटांची म्हैस पोसणार नाही. तिला नेटाने सांभाळणारा, तेलाची वही ठेवणारा कोणी असता तर मी त्याला बिनदिक्कत प्लेटांचा डिफरन्शियल घे म्हटले असते. तो पुन्हा पुन्हा उघडून नवा करता येतो, आणि गिअरांचा मोडला तर आमच्या बाजूला तो दुरुस्त करणारा कोणी नाही. पण पुतण्याला मी गिअरांचाच मंजूर केला, कारण विसराळू माणसाकडे तो जास्त वर्षे जगेल. १९८८ साली त्या तरुणाच्या फाइलीत मी सगळे पाहिले होते, आणि हे एक पाहिले नव्हते. त्याच्याकडे वेळ नव्हता, पैसा नव्हता, गॅरेज वीस किलोमीटरवर होते. दोष त्याच्या आळसाचा नव्हता. दर महिन्याचा हप्ता थोडा कमी धरून देखभालीला शंभर रुपये सुटे ठेवायला मी सांगू शकलो असतो. ते माझ्या अधिकारात होते.

पुतण्याच्या कर्जाला मी व्याज लावलेले नाही. परतफेड दोन वर्षांत, आणि एक जादा अट. बसवल्यानंतर पहिल्या दीड हजार किलोमीटरला आणि मग दरवर्षी अक्षय तृतीयेच्या आसपास मागचे तेल बदलायचे, बिल मला आणून दाखवायचे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर सूनबाईने ते लाल शाईने लिहून ठेवले आहे, गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी.

दिवाळीनंतर पहिले तेल बदलले, तेव्हा मीही गेलो होतो. मिस्त्रीने खालचा नट काढला. त्याच्या टोकाला चुंबक असतो, पेटीतला लोखंडाचा चुरा त्याला येऊन चिकटतो. मिस्त्रीने तो चिंधीवर पुसला, बोटांत चोळला आणि माझ्यासमोर धरला. करडी, मऊ पिठी होती. दाणा एकही नव्हता. मागे मुली विचारत होत्या, "आजोबा, झालं का? बोर्डीला जायचंय ना?"